संगणक व आंतरजाल यांच्या संज्ञा

संगणक व आंतरजाल यांच्या संज्ञा : संगणकाचे कार्य, संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या जालांची रचना आणि त्यांवरून चालणारा माहितीचा व्यवहार यांचे वर्णन करण्यासाठी रूढ झालेले शब्द. बिट, बाइट, पॅकेट, प्रोटोकॉल, सर्व्हर, वेब, कुकी यांसारखे शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्यादित तज्ञवर्गात निर्माण झाले आणि शतकअखेरीस सर्वसामान्यांच्या बोलण्यात आले. यांपैकी बहुतेक शब्द वस्तूंची नावे नसून संकेतांची, म्हणजे काही माणसांनी आपापसांत ठरविलेल्या नियमांची, नावे आहेत. प्रत्येक संकेत एखाद्या विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून ठरविला गेला. ती अडचण लक्षात घेतली म्हणजे संज्ञेचा अर्थ स्पष्ट होतो. तसेच संकेत ठरविताना कोणाच्या गरजा विचारात घेतल्या गेल्या व कोणाच्या राहून गेल्या, हेही कळते. या दृष्टीने प्रमुख संज्ञांचा परिचय येथे ऐतिहासिक क्रमाने करून दिला आहे.

जुने शब्द, नवे अर्थ : ‘कॉम्प्यूटर’ हा इंग्रजी शब्द सतराव्या शतकापासून गणिते करणाऱ्या माणसासाठी वापरला जात होता. वेधशाळांत ग्रहगणिताची व नौकानयनाची कोष्टके तयार करणारे कर्मचारी याच नावाने ओळखले जात. १९४० नंतर इलेक्ट्रॉनीय गणनयंत्रे प्रचारात आली आणि माणसाचे हे नाव यंत्राला मिळाले. मराठीतील ‘संगणक’ हा शब्द मात्र आरंभापासून यंत्रासाठीच योजलेला आहे.

‘अल्गोरिदम’ ही संज्ञा त्याहून पुष्कळ जुनी आहे. नवव्या शतकात बगदाद येथे काम करणारे गणितज्ञ अल्-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकपद्धतीवर एक ग्रंथ लिहिला होता. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन रूपांतर झाले व ग्रंथकाराच्या नावाच्या लॅटिन रूपावरून हा शब्द यूरोपीय भाषांत आला. प्रारंभी त्याचा अर्थ दशमान अंकांनी करावयाची आकडेमोड असा होता. आता कोणताही प्रश्न मर्यादित संख्येच्या व निःसंदिग्ध पायऱ्यांनी सोडविण्याची रीत, असा व्यापक अर्थ त्याला आला आहे. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याची शाळेत शिकविली जाणारी भागाकाराची रीत हे अल्गोरिदमचे परिचित उदाहरण होय. अशी रीत यंत्राला समजेल अशा भाषेत लिहिली म्हणजे तिला प्रोग्रॅम किंवा आज्ञावली म्हणतात. यंत्राचे प्रत्यक्ष भाग ते हार्डवेअर व आज्ञावलींचा समुच्चय ते सॉफ्टवेअर. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द या अर्थाने अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी (१९१५–२०००) यांनी १९५८ मध्ये एका लेखात छापील स्वरूपात वापरला.

आज्ञावलीतील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठातील मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग तंत्रज्ञांनी काढला व कामाच्या नोंदवहीत चिकटवून ठेवला. या घटनेवरून हा शब्द निघाला, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. यंत्रातील दोष या अर्थाने टॉमस एडिसन यांनी हा शब्द १८७८ मध्येच वापरला होता. नोंदवहीतील शेऱ्याचा आशयही खराखुरा किडा सापडल्याचे हे पहिलेच उदाहरण, असा विनोदाचा आहे. म्हणजेच शब्द आधीपासून रूढ होता.

बिट व बाइट : अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाच्या गणितीय सिद्धांतावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. माहितीचे मापन करता येते व त्यासाठी ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच निवड हे मूल एकक पुरेसे आहे, हे त्यात दाखविले होते. या एककाला ‘बिट’ हे नाव देण्याचे श्रेय त्यांनी ट्यूकी यांना दिले. द्विमान अंक या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाचे हे संक्षिप्त रूप असून बिटचे मूल्य ० किंवा १ असते. एका बिटने दोन, दोन बिटांनी चार, तीन बिटांनी आठ पर्याय दर्शविता येतात. याप्रमाणे आठ बिटांनी २५६ पर्याय मिळतात.

‘बाइट’ हा शब्द वर्नर बुखहोल्झ (१९२२–२०१९) यांनी १९५६ मध्ये आयबीएम कंपनीच्या स्ट्रेच या संगणकाची आखणी चालू असताना योजला. घास किंवा चावा या अर्थाच्या शब्दावरून तो घेतलेला असून लिहिताना नजरचुकीने बिट असे होऊ नये म्हणून त्याचे इंग्रजी वर्णलेखन मुद्दाम बदलण्यात आले. बाइटमध्ये किती बिटे असावीत हे प्रथम निश्चित नव्हते. त्याच कंपनीच्या सिस्टिम-३६० या संगणकमालेने (१९६४) आठ बिटांचा बाइट स्वीकारला व पुढे तोच सर्वत्र रूढ झाला.

व्यवहारात या दोन संज्ञांची गल्लत होते व ग्राहकाचा गैरसमज होतो. साठवणीचे माप बाइटमध्ये, तर जोडणीचा वेग सामान्यतः दर सेकंदास बिटांत सांगतात. त्यामुळे ८ मेगॅबिट वेगाच्या जोडणीवरून एका सेकंदात जास्तीत जास्त १ मेगॅबाइट माहिती येऊ शकते. ‘किलो’ या उपसर्गाचा अर्थही दुहेरी आहे. मेट्रिक पद्धतीत तो १,००० आहे. परंतु द्विमान गणनेत सोयीची असलेली १,०२४ ही संख्याही संगणकक्षेत्रात त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १,०२४ साठी ‘किबी’ हा वेगळा उपसर्ग सुचविला, पण तो सर्वसामान्यांत रुजला नाही. एक टेराबाइट म्हणून विकत घेतलेल्या तबकडीची क्षमता काही संगणकांवर ९३१ गिगॅबाइट दिसते, ती तबकडी सदोष असल्यामुळे नव्हे, तर उत्पादक एका रीतीने व संगणक दुसऱ्या रीतीने मोजत असल्यामुळे होय.

पॅकेट : दूरध्वनीच्या पारंपरिक पद्धतीत संभाषण चालू असेपर्यंत दोन ठिकाणांमधील एक मार्ग त्या दोघांसाठीच राखून ठेवला जाई. ते गप्प राहिले, तरी मार्ग अडून राही. माणसांच्या संभाषणाला ही व्यवस्था मानवते. परंतु संगणकांचे संदेश क्षणमात्र व मधूनमधून येणारे असल्यामुळे त्यांच्यासाठी ती खर्चिक ठरते. यावरील उपाय दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे शोधला. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमधील पॉल बॅरन (१९२६–२०११) यांनी अणुहल्ल्यानंतरही टिकून राहील अशा संदेशवहन जालाचा अभ्यास करताना संदेशाचे समान आकाराचे तुकडे करून ते मिळेल त्या मार्गाने पाठविण्याची कल्पना १९६४ मध्ये विस्ताराने मांडली. इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉनल्ड डेव्हिस (१९२४–२०००) यांनी १९६५-६६ मध्ये अशाच पद्धतीची आखणी केली व त्या तुकड्याला ‘पॅकेट’, म्हणजे लहान पुडके, हे नाव दिले.

प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील यंत्रे पत्ता वाचून पॅकेट पुढच्या टप्प्याकडे धाडतात. या यंत्रांना ‘राउटर’ म्हणतात. एकाच पत्राची पाने वेगवेगळ्या लिफाफ्यांत घालून टपालाने पाठवावीत आणि घेणाऱ्याने ती पृष्ठांकांनुसार लावून घ्यावीत, तशी ही रीत आहे. एकाच तारेतून अनेकांची पॅकेटे पाठोपाठ जाऊ शकतात, हा तिचा मुख्य लाभ होय.

प्रोटोकॉल : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन प्रकल्प अभिकरणाने पॅकेट पद्धतीवर ‘आर्पानेट’ हे जाल उभारले. त्याचा तात्कालिक उद्देश अणुयुद्धात टिकाव धरणे हा नसून दूरदूरच्या विद्यापीठांतील महागड्या संगणकांचा सामाईक उपयोग करता यावा, हा होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. त्यातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. वर्षअखेरीस सँता बार्बरा व यूटा येथील विद्यापीठे धरून चार केंद्रे जोडली गेली.

या चार ठिकाणचे संगणक एका जातीचे नव्हते. त्यांच्यात माहितीचा मूळ घटक कोठे २४, कोठे ३२, तर कोठे ३६ बिटांचा होता. त्यांच्यात बोलणे व्हावयाचे तर कोणी आधी बोलावे, उत्तर कसे द्यावे, चूक झाल्यास काय करावे, यांचे नियम ठरविणे आवश्यक होते. अशा नियमसंचाला राजनैतिक शिष्टाचारातील शब्द घेऊन ‘प्रोटोकॉल’ म्हणण्यात आले. नियम ठरविण्याचे काम मुख्यत्वे पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे आले. त्यांच्यापैकी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण प्रसृत केले. आपल्याला हुकूम काढण्याचा अधिकार नाही, या जाणिवेने त्यांनी टिपणाला ‘टीकाटिप्पणीसाठी विनंती’ असे विनम्र नाव दिले. आंतरजालाचे तांत्रिक नियम आजही याच नावाच्या क्रमांकित टिपणांतून प्रसिद्ध होतात व ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात. कोणत्याही एका कंपनीच्या वा देशाच्या मालकीचे नसलेले जाल निर्माण होण्यास ही खुली पद्धत मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली.

इंटरनेट, आयपी पत्ता व क्षेत्रनाम : १९७० नंतर रेडिओ लहरींवर व उपग्रहांवर आधारलेली इतर जालेही अस्तित्वात आली. ती एकमेकांना जोडण्यासाठी व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये एक प्रोटोकॉल सुचविला. प्रत्येक जालाने आपली अंतर्गत रचना कायम ठेवावी व सीमेवर मात्र समान नियम पाळावेत, हे त्याचे तत्त्व होते. जालांना जोडणारे जाल या अर्थाने ‘इंटरनेट’ हा शब्द त्याच वर्षी वापरात आला; मराठीत त्यासाठी आंतरजाल व महाजाल असे दोन्ही शब्द रूढ आहेत. पुढे या प्रोटोकॉलचे दोन भाग करण्यात आले : पॅकेट पत्त्यावर पोहोचविण्याचा नियम तो आयपी आणि पोहोचलेली पॅकेटे क्रमाने लावून गहाळ झालेली पुन्हा मागविण्याचा नियम तो टीसीपी. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटवर हे नियम बंधनकारक झाले. आंतरजालाचा आरंभ अनेकदा याच दिवसापासून मानतात.

आयपी पत्ता ३२ बिटांचा ठरविण्यात आला. त्यामुळे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते उपलब्ध झाले. काहीशे संगणकांच्या त्या काळात ही संख्या विपुल वाटली. पुढे घरोघरचे संगणक व खिशातले दूरध्वनी जालाला जोडले गेले आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटून संपले. १२८ बिटांच्या पत्त्यांची नवी आवृत्ती १९९५ मध्येच जाहीर झाली होती आणि तीत ३४ वर ३७ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येइतके पत्ते आहेत. तथापि कोट्यवधी यंत्रांतील रूढ संकेत बदलणे अत्यंत सावकाश होते. मधल्या काळात अनेक यंत्रांनी एकच सार्वजनिक पत्ता वाटून घेण्याची तडजोड सर्वत्र प्रचारात आली.

अंकांचे पत्ते माणसांना लक्षात ठेवणे कठीण जाते. प्रथम सर्व संगणकांची नावे व पत्ते यांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई. यादी वाढत गेली, तेव्हा पॉल मॉकपेट्रिस यांनी १९८३ मध्ये ‘डोमेन नेम सिस्टिम’ म्हणजे क्षेत्रनाम पद्धती आखली. तीत नावाचे भाग टिंबांनी वेगळे केलेले असतात व प्रत्येक भागाची नोंदवही वेगळ्या अधिकाऱ्याकडे असते. व्यापारी संस्थांसाठी ‘डॉट कॉम’, शिक्षणसंस्थांसाठी ‘डॉट एज्यु’ अशी शेवटची पदे ठरविण्यात आली. भारतासाठीचे ‘डॉट इन’ हे पद १९८९ मध्ये निर्माण झाले. १९९८ पासून या पद्धतीचे समन्वयन आयकॅन ही संस्था करते.

ई-मेल व विश्वासाचा प्रश्न : १९७१ मध्ये केंब्रिज, मॅसॅचूसेट्स येथील अभियंता रे टॉमलिन्सन (१९४१–२०१६) यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस पत्र पाठविणारी आज्ञावली तयार केली. व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव वेगळे दाखविण्यासाठी त्यांनी हिशेबात ‘दराने’ या अर्थी वापरले जाणारे चिन्ह निवडले. हे चिन्ह कोणाच्याही नावात येत नसे. त्यामुळे अडगळीत गेलेले एक व्यापारी चिन्ह जगभर परिचित झाले.

प्रारंभीच्या जालावरील लोक एकमेकांच्या परिचयाचे असल्यामुळे पाठविणारा स्वतःचे जे नाव सांगेल ते खरे मानण्याची रीत ई-मेलच्या नियमांत राहिली. या गृहीताचा परिणाम पुढे दिसून आला. ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या विक्री विभागाने आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठविली व तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. अशा पत्रव्यवहारास पुढे ‘स्पॅम’ हे नाव पडले. ते डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव असून १९७० मधील एका ब्रिटिश दूरचित्रवाणी प्रहसनात त्याच्या पुनरुक्तीने इतर सर्व बोलणे बुडून जाते, त्यावरून ते घेतले आहे. दुसऱ्या आज्ञावलीला चिकटून स्वतःच्या प्रती काढणारी आज्ञावली म्हणजे ‘व्हायरस’, तर स्वतंत्रपणे जालावरून पसरणारी ती ‘वर्म’ होय. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एका विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्ममुळे सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा अंदाज आहे. आतील जाल व बाहेरचे जग यांच्यामध्ये पॅकेटे तपासणारी व्यवस्था म्हणजे ‘फायरवॉल’. इमारतीत आग पसरू नये म्हणून बांधल्या जाणाऱ्या भिंतीवरून हे नाव आले. विश्वसनीय संस्थेचे सोंग घेऊन पासवर्ड किंवा बँकेची माहिती काढून घेणे यास ‘फिशिंग’, म्हणजे गळ टाकणे, म्हणतात. पाठविणाऱ्याचे नाव केवळ त्याच्या सांगण्यावरून मानणाऱ्या जुन्या संकेताचाच फायदा या फसवणुकीत घेतला जातो.

वेब : आंतरजाल व वेब हे एकच मानण्याची चूक सर्रास होते. आंतरजाल हा रस्ता असून वेब, ई-मेल, चित्रफितींचे प्रक्षेपण, दूरध्वनीसदृश संभाषण ही त्यावरून जाणारी निरनिराळी वाहने होत. वेबचा पाया ‘हायपरटेक्स्ट’ ही कल्पना आहे. एका मजकुरातून दुसऱ्या संबंधित मजकुराकडे थेट जाता यावे, अशा यंत्राची कल्पना व्हॅनिव्हर बुश (१८९०–१९७४) यांनी १९४५ मध्ये मांडली होती. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द थिओडोर नेल्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये संस्थेतील विखुरलेले दस्तऐवज अशा दुव्यांनी जोडण्याची योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस ती चालू करून दाखविली.

या योजनेत तीन संकेत आहेत. पृष्ठाची रचना सांगणारी एचटीएमएल ही खुणांची भाषा, पृष्ठ मागण्याचा व देण्याचा एचटीटीपी हा प्रोटोकॉल आणि प्रत्येक पृष्ठाचा यूआरएल हा पत्ता. पृष्ठे साठवून मागणीनुसार देणारा संगणक किंवा त्यावरील आज्ञावली म्हणजे ‘सर्व्हर’. मागणी करून आलेले पृष्ठ पडद्यावर मांडणारी आज्ञावली म्हणजे ‘ब्राउझर’. तेथून आपल्याकडे माहिती घेणे ते ‘डाउनलोड’ व आपल्याकडून तेथे पाठविणे ते ‘अपलोड’. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी या तंत्रावरील आपले हक्क सोडून ते सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेइक या सचित्र ब्राउझरमुळे वेबचा प्रसार झपाट्याने झाला.

एचटीटीपीमध्ये प्रत्येक मागणी स्वतंत्र मानलेली असल्यामुळे सर्व्हरला आधीच्या भेटीची आठवण राहत नाही. दुकानात एकेक वस्तू निवडीत जाणाऱ्या ग्राहकाला ओळखावयाचे कसे, या प्रश्नावर नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ हा उपाय योजला. सर्व्हरने दिलेली लहानशी खूणचिठ्ठी ब्राउझर जपून ठेवतो व पुढील भेटीत परत दाखवितो. सोयीसाठी काढलेली ही चिठ्ठी पुढे जाहिरातदारांनी एकाच व्यक्तीचा अनेक स्थळांवर माग काढण्यासाठी वापरली. कुकी स्वीकारता का, असा प्रश्न आज पडद्यावर येतो तो याच कारणाने. तो प्रश्न केवळ औपचारिक नसून आपल्या हालचालींची नोंद करू देण्याबाबतची संमती त्यात मागितलेली असते. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.

पत्त्याच्या आरंभी येणाऱ्या ‘एचटीटीपीएस’मधील शेवटचे ‘एस’ माहिती कूटलिपीत जात असल्याचे दर्शविते. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये पूर्वपरिचय नसलेल्या दोघांना गुप्त संभाषण करता येईल अशी गणिती रीत प्रसिद्ध केली, तिच्यावर ही व्यवस्था आधारलेली आहे. कुलपाची खूण वाटेत कोणी वाचीत नाही एवढेच सांगते; पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे ती सांगत नाही. तसेच ‘क्लाउड’ म्हणजे एखादी अमूर्त जागा नसून दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतील संगणक होत. जालाच्या आकृतीत तपशील न दाखवावयाच्या भागाऐवजी ढगाचे चित्र काढण्याच्या प्रघातावरून हे नाव पडले. माहिती ढगात ठेवणे म्हणजे ती परक्याच्या कोठारात ठेवणे होय.

भारतातील आरंभ : भारतात १९८६ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाल सुरू केले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र, मुंबईसह पाच ठिकाणच्या भारतीय तंत्रविद्या संस्था व बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था तीत सहभागी होत्या. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजाल सेवा सुरू केली. ती दूरध्वनीच्या तारेवरून मिळे व त्यासाठी ‘मोडेम’ लागे. संगणकातील अंकीय माहितीचे तारेतून जाणाऱ्या ध्वनिसंकेतांत व ध्वनिसंकेतांचे पुन्हा माहितीत रूपांतर करणारी ही प्रयुक्ती असून या दोन क्रियांच्या इंग्रजी नावांचे आद्य भाग जोडून तिचे नाव बनले आहे. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या मोडेमचा कमाल वेग सेकंदास ५६ किलोबिट होता. त्यावरून एक मेगॅबाइटचे छायाचित्र येण्यास किमान २ मिनिटे २३ सेकंद लागत. रुंद पट्टा या अर्थाचा ‘ब्रॉडबँड’ हा शब्द यापेक्षा जलद जोडणीसाठी वापरला जाऊ लागला. भारताच्या २००४ च्या धोरणात त्यासाठी किमान वेग सेकंदास २५६ किलोबिट धरला होता. तो २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगॅबिट करण्यात आला. शब्द तोच राहून त्यामागील माप बदलत गेल्याचे हे उदाहरण आहे.

देवनागरी व संगणक : संगणक अक्षरे ओळखीत नाही, प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक ओळखतो. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरविलेल्या ‘अ‍ॅस्की’ या संकेतात सात बिटांचे १२८ क्रमांक होते व ते इंग्रजी वर्ण, अंक, विरामचिन्हे व यंत्रनियंत्रणाच्या खुणा यांतच संपले. इतर लिप्यांचा विचार त्यात नव्हता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, त्याच्या प्रसाराचे काम केले. परंतु व्यवहारात मुद्रणासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे ‘फाँट’ वापरले गेले आणि त्यांत देवनागरी अक्षरांना आपापल्या मनाप्रमाणे क्रमांक दिलेले होते. फाँट म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच. एका फाँटमध्ये लिहिलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. अशा रीतीने साठविलेला कितीतरी मजकूर आज शोधता येत नाही व रूपांतराशिवाय वाचताही येत नाही.

जगातील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकात स्थान देणाऱ्या ‘युनिकोड’ या संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरीला तीत १२८ स्थाने मिळाली व त्यांची मांडणी इस्कीच्या आधाराने झाली. प्रारंभीच्या तक्त्यांत मराठीच्या सर्व गरजा भागत नव्हत्या. ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. आचार्य या शब्दाचे ‘आचार्यांना’ व आचारी या शब्दाचे ‘आचाऱ्यांना’ ही रूपे मराठीत भिन्न आहेत. दुसऱ्यातील रफाराऐवजी येणारा आडवा र लिहिण्यासाठी ‘ऱ’ या वेगळ्या वर्णाचा आधार घ्यावा लागतो. युनिकोडचे क्रमांक साठविण्याची यूटीएफ-८ ही प्रचलित रीत केन टॉमसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तीत इंग्रजी वर्णास एक, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे ‘मराठी’ हा पाच चिन्हांचा शब्द पंधरा बाइट घेतो. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाची मर्यादा १४० बाइट असल्यामुळे त्यात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीची ७० चिन्हेच मावतात. संकेत कोणत्या भाषेसाठी प्रथम ठरविला गेला, याची किंमत इतर भाषा बोलणाऱ्यांना अशी प्रत्यक्ष मोजावी लागते.

क्षेत्रनामेही दीर्घकाळ रोमन लिपीतच लिहावी लागत. इतर लिप्यांतील नावांचे अ‍ॅस्की अक्षरांत रूपांतर करण्याची रीत २००३ मध्ये प्रमाणित झाली आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी पद नोंदणीसाठी खुले झाले. इंग्रजी न जाणणाऱ्या व्यक्तीस स्थळाचा पत्ता स्वतःच्या लिपीत लिहिता यावा, एवढी साधी गोष्ट क्षेत्रनाम पद्धतीच्या आरंभानंतर ३१ वर्षांनी साध्य झाली.

मराठी संज्ञा : या क्षेत्रातील संज्ञा मराठीत तीन प्रकारे आल्या आहेत. संगणक, संकेतस्थळ, दुवा, आज्ञावली, शोधयंत्र यांसारखे प्रतिशब्द चांगले रुळले. मोडेम, बाइट, व्हायरस, पासवर्ड यांसारखे मूळ शब्द मराठी प्रत्यय घेऊन नांदू लागले. ‘न्याहाळक’ (ब्राउझर) किंवा ‘विदा’ (माहितीचा कच्चा साठा) यांसारखे काही शब्द मुख्यतः लेखनात राहिले. शब्द देशी की परका, यापेक्षा त्यामागील संकेत वाचकाला कळतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बिट व बाइट यांतील भेद न कळणाऱ्याची खरेदीत फसगत होते, कुकीचा अर्थ न कळणारा नकळत संमती देतो आणि युनिकोड न वापरणाऱ्याचे लेखन पुढील पिढीच्या हाती लागत नाही. हे संकेत माणसांनी ठरविलेले आहेत व माणसांनी मागणी केल्यावर त्यांत सुधारणा झाल्या आहेत. देवनागरीला कोष्टकात मिळालेले स्थान हे त्याचेच उदाहरण होय.